पहिलेपणाची पार्टी

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या त्या अंगणात मला सगळ्यात आधी ओळखीचं वाटलं ते सरबत. काचेच्या मोठ्या बरणीत गडद लाल, वर आल्याचा आणि लवंगेचा वास. कॅरिबियन मंडळी त्याला सॉरेल म्हणतात. एक घोट घेतला आणि कळलं, अरे, ही तर आपली अंबाडी! लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आमच्या विदर्भात नवं नाही. बार्बेडोसकडच्या आज्या ते नाताळात करतात म्हणे. इथे ऐन जूनमध्ये केलं होतं, कारण ज्यांच्या नावाने पार्टी होती त्यांचं आजोळ बार्बेडोसचं.

पार्टी शर्ली चिझम या दिवंगत अमेरिकन राजकारणी बाईंच्या कार्याचा गौरव म्हणून होती. (इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एल’ आहे, उच्चारात नाही, मीही आधी चिशोल्म म्हणून हसं करून घेतलं होतं.) बोलावणारी माझी जुनी सहकारी. घर बेडफर्ड-स्टायव्हसंटमधलं, म्हणजे लोकांच्या तोंडी बेड-स्टाय. चिझमबाईंचा मतदारसंघ नेमका हाच. तपकिरी दगडाची जुनी घरं, मागे लांबुडकं अंगण, निळ्या हायड्रेंजियाचे ताटवे. बाई इथून निवडून आल्या तेव्हा या घरांमध्ये एकेका खोलीत एकेक कुटुंब राहायचं. आज अशा घराची किंमत विचारायचीही सोय नाही.

अंगणात चाळीसेक पांढऱ्या फोल्डिंगच्या खुर्च्या भाड्याने आणून मांडल्या होत्या. तो सजावटीचाच भाग होता. ‘टेबलाशी तुम्हाला जागा देत नसतील, तर आपली घडीची खुर्ची घेऊन जा’ हे त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य दाराशीच चौकटीत लावलेलं. मला ते बघून हसू आलं. घडीची खुर्ची न बोलावता न्यायची असते. इथे ती आमंत्रणासोबत, नावाची चिठ्ठी लावून मिळत होती.

मग भाषणं झाली. तीन. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. एका मोठ्या पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. डेमोक्रॅटिक पक्षाकडे ती मागणारी पहिली स्त्री. पहिली, पहिली, पहिली. मी मोजत होते, अकरानंतर नाद सोडला.

यातलं काहीच खोटं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एखाद्याच्या आयुष्यातलं ‘पहिलेपण’ हा गौरवासाठी निवडायचा सगळ्यात बिनत्रासाचा भाग असतो. त्यात ऐकणाऱ्याकडे काही मागणं नसतं. दार एकदा उघडलं, आता ते उघडंच आहे, आपण सगळे आत आहोत, सरबत घ्या. जी बाई आयुष्यभर लोकांकडे काही ना काही मागत राहिली, तिचा सत्कार आपण तिच्या आयुष्यातली एकमेव न मागणारी गोष्ट काढून करतो. आणि हे त्यांनीच ओळखलं होतं. काँग्रेसमध्ये गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून मला लक्षात ठेवू नका, असं त्या स्वतः सांगून गेल्यात. विसाव्या शतकात जगलेली आणि बदल घडवायची हिंमत केलेली बाई म्हणून ठेवा. शर्ली चिझमला धमक होती, असं लोकांनी म्हणावं. इतकी स्पष्ट इच्छा सांगून ठेवलेल्या माणसाचं इतक्या एकमुखाने न ऐकणं म्हणजे कमाल आहे.

त्यांना बागेत बसवण्यातही एक गंमत आहे. जानेवारी 1969 मध्ये त्या वॉशिंग्टनला पोचल्या तेव्हा त्यांची नेमणूक झाली शेती समितीवर, आणि त्यातही ग्रामविकास आणि वनं बघणाऱ्या उपसमितीवर. मतदारसंघ ब्रुकलिनचा, जिथे शेत सोडा, सावलीपुरतं झाड शोधावं लागे. नव्या सभासदाने, त्यातून बाईने, त्यातून कृष्णवर्णीय बाईने मुकाट्याने बसायची रीत. सभापतींनी समजूत काढली, शहाण्या सैनिकासारखं वागा. त्या ऐन सभागृहात उभ्या राहिल्या आणि नेमणूक बदलून मागितली. मिळाली माजी सैनिकांची समिती. त्यावर त्यांचं म्हणणं असं की माझ्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक कितीतरी जास्त आहेत. पुढे त्या शिक्षण आणि कामगार समितीवर गेल्या, आणि खरं काम तिथे झालं. आज त्यांच्या नावाने ब्रुकलिनच्या किनाऱ्याला 407 एकरांचं राज्य उद्यान आहे, 2019 साली उघडलेलं. जमीन कसली? शहराचा कचरा टाकून उभ्या राहिलेल्या दोन टेकड्या. त्या काँग्रेसमध्ये होत्या त्या वर्षांतही तिथे कचऱ्याच्या गाड्या रित्या होत होत्या. त्या टेकड्यांवर आता रानफुलं आहेत. गौरवाच्या सगळ्या प्रकारांत मला तो सगळ्यात शोभणारा वाटतो, कारण त्या नावाखाली काय पुरलंय ते तिथे कोणी लपवत नाही.

पार्टीत 1972 सालचा उल्लेख झाला तो असा: त्यांनी देशाला स्वप्न दाखवलं. झालं ते असं. 25 जानेवारीला याच वस्तीतल्या काँकर्ड बाप्टिस्ट चर्चमधून त्यांनी उमेदवारी जाहीर केली. मी कृष्णवर्णीय आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, पण मी कृष्णवर्णीयांची उमेदवार नाही. मी बाई आहे, त्याचाही तितकाच अभिमान आहे, पण मी स्त्रीमुक्ती चळवळीची उमेदवार नाही. मी जनतेची उमेदवार आहे. भाषण म्हणून सुंदर. राजकारण म्हणून याचा अर्थ, दोन्ही घरचे उपाशी. मार्चमध्ये इंडियानातल्या गॅरी शहरात कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचं मोठं राष्ट्रीय अधिवेशन भरलं, त्याने त्यांना पाठिंबा दिला नाही. स्त्री चळवळीतल्या बिनीच्या बायकांचं मन चिझमकडे आणि हिशेब शेवटी उमेदवारी मिळवणाऱ्या मॅकगव्हर्नकडे. टीव्हीवरच्या चर्चांत जागा मिळेना, तर कायद्याचा दरवाजा ठोठावून वेळ मिळवावा लागला. पाठिंबा दिला कोणी, तर कृष्णवर्णीयांच्या जहाल ब्लॅक पँथर पक्षाने. इतर कोणी उमेदवार असता तर हात झटकले असते. यांनी नाही झटकले. (त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहत होती, त्याच पँथरांचं नाव घेऊन. या दोन बातम्या एकमेकींना कधी भेटल्या नसतील, पण मराठी वाचकाने त्या शेजारी ठेवून बघाव्यात.) उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या मायामीच्या अधिवेशनात अवघी 152 मतं पडली. म्हणजे आज ज्यांच्या वारसांच्या भाषणात चिझमबाई ‘आपल्या’ असतात, त्या जवळजवळ सगळ्यांनी तेव्हा त्यांना ‘आत्ता नको’ म्हटलं होतं. एवढं एक वाक्य जरी त्या अंगणात कोणी उच्चारलं असतं, तरी पार्टीची चव बदलली असती. आजच्या कुठल्या बाईला आपण ‘आत्ता नको’ म्हणतोय, हा प्रश्न लगेच पुढे आला असता. म्हणूनच तो उच्चारला गेला नसावा.

पण मला लिहायचंय ते मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीबद्दल. अंगणात ट्रे घेऊन पाच जणी फिरत होत्या. काळे एप्रन, केस बांधलेले. स्वयंपाकघरात आणखी दोघी ग्लास धूत होत्या. त्यांच्याकडे बघताना मला सारखी चिझमबाईंची आई आठवत होती. रुबी सील, बार्बेडोसहून आलेली, शिवणकाम करायची आणि लोकांच्या घरची धुणीभांडी. वडील गयानाचे, गोणपाटाच्या कारखान्यात मजूर. नोकरी करून मुली सांभाळणं जमेना, म्हणून शर्ली अगदी लहान असताना तिला आणि बहिणींना बार्बेडोसला आजीकडे ठेवलं, ते 1934 पर्यंत. पाळणाघर नव्हतं म्हणून समुद्र ओलांडून पाठवलेली ही मुलगी पुढे बालशिक्षणात कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. झाली, पाळणाघरं चालवली आणि मग राजकारणात आली. न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत असताना घरकामगारांना बेकारी विमा मिळवून दिला. काँग्रेसमध्ये पाळणाघरांसाठी विधेयक मांडलं. 1971 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सार्वत्रिक पाळणाघरांच्या कायद्यावर नकाराधिकार वापरला, आणि अमेरिकेत ती गोष्ट आजतागायत झालेली नाही.

किमान वेतनाचं मात्र झालं, आणि कसं झालं ते सांगितल्याशिवाय ही बाई कळतच नाही. 1938 चा किमान वेतनाचा कायदा रूझवेल्ट यांचा, मोठा पुरोगामी म्हणून गाजलेला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेत ही दोन्ही कामं करणारे बहुतेक कृष्णवर्णीय, आणि दक्षिणेच्या डेमोक्रॅट सभासदांची मतं हवी होती. वगळताना रंगाचा शब्दही काढावा लागला नाही. कामाचं नाव पुरलं. जातीचं काम ठरवून दिलेल्या देशातल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

आता 1972 चा मे महिना. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, वंशभेदाचे कट्टर समर्थक, तेही उमेदवार होते. मेरीलँडमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. चिझमबाई प्रचार थांबवून त्यांना भेटायला इस्पितळात गेल्या. वॉलेसनी विचारलं, तुमचे लोक काय म्हणतील? त्या म्हणाल्या, काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, पण तुमचं झालं ते कोणाचंही होऊ नये. लोकांनी काय म्हटलं असेल ते सांगायला नको. आपल्याच वस्तीत त्यांना तोंड दाखवणं कठीण झालं. दोन वर्षांनी घरकामगारांना किमान वेतन लागू करायच्या दुरुस्तीसाठी मतं हवी होती, तेव्हा वॉलेसनी दक्षिणेतल्या सभासदांकडे शब्द टाकला. एप्रिल 1974 मध्ये कायदा झाला. छत्तीस वर्षांनी का होईना, अमेरिकेच्या कायद्याने धुणंभांडी हे काम आहे असं मान्य केलं.

पार्टीत वॉलेसची गोष्ट एका वक्त्याने सांगितली. करुणेची गोष्ट म्हणून. ज्या मतांमुळे ती गोष्ट सांगण्याजोगी होते, ती मतं त्यातून गळली होती. करुणा सांगायला बरी. ताशी दर सांगितला की वातावरण बिघडतं.

आणि तो कायदाही भोकं ठेवूनच झाला. म्हाताऱ्या माणसांच्या ‘सोबतीला’ राहणाऱ्या बायका त्यातून बाहेर ठेवल्या गेल्या. रात्री उठवणं-बसवणं, अंघोळ घालणं, औषधं देणं, सगळं ‘सोबत’ या गोड शब्दाखाली. 2013 साली नियम बदलला, 2015 पासून लागू झाला. न्यूयॉर्क राज्याने 2010 मध्ये घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला, देशातला पहिला: आठवड्याला एक दिवस सुट्टी, जादा कामाचे जादा पैसे. ‘पहिला’ हा शब्द मला असाही चालतो, वर्ष आणि रकमेसकट.

इथे आपल्या लोकांचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. डिसेंबर 2013 मध्ये याच शहरात भारताच्या एका महिला उपवाणिज्यदूताला अटक झाली, मराठी घरातल्या. आरोप असा की घरकामाला आणलेल्या बाईच्या व्हिसाच्या कागदावर ताशी 9.75 डॉलर लिहून दिले आणि प्रत्यक्षात 3.31 किंवा त्याहूनही कमी ठरवले. खटला उभा राहून आरोप सिद्ध वा असिद्ध कधीच झाला नाही. राजनैतिक संरक्षण मिळालं, त्या परत गेल्या. अटकेत त्यांना मिळालेली वागणूक अपमानास्पद होती आणि त्याचा राग येणं साहजिक होतं. मलाही आला होता. पण त्या पंधरा दिवसांत न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी घरांमध्ये झालेल्या चर्चा मला आठवतात. बेड्या, झडती, दिल्लीत अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे काढले ते बरं झालं, यांना असंच पाहिजे. ताशी दराचा विषय निघाला तो फक्त असा: “तिला राहायला-जेवायला मिळत होतं ना?” हे म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. आपल्या 3.31 ला आपण रुपयांत बदलून बघत होतो आणि आकडा चांगला दिसत होता.

घरी, म्हणजे अमरावतीला, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. सगळेच म्हणतात. यात आपुलकी नसते असं नाही. पण मावशी म्हटलं की दोन गोष्टी आपोआप होतात: मावशीला सुट्टी मागताना कारण सांगावं लागतं, आणि मावशीशी हिशेब करणं वाईट दिसतं. दिवाळीला साडी दिली की वर्षाचं खातं बंद. महाराष्ट्रात 2008 साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. नावातच ‘कल्याण’, तो कल्याणाचा कायदा आहे, वेतनाचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011 च्या घरकामगार कराराच्या बाजूने भारताने मत दिलं आणि मान्यतेची सही मात्र केली नाही. हेही एक प्रकारचं मावशी म्हणणंच.

तर मग गार्डन पार्ट्या करूच नयेत का? माझा नवरा घरी येताना गाडीत हेच म्हणाला: चाळीस माणसं एका मेलेल्या बाईचं नाव घ्यायला शनिवारी दुपारी जमली, तुला त्यातही खुपतं. मुद्दा बिनतोड आहे. आठवण ही आपोआप राहत नाही, कोणीतरी खुर्च्या भाड्याने आणाव्या लागतात. 2014 मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं, 2015 मध्ये मरणोत्तर स्वातंत्र्य पदक मिळालं, जन्मशताब्दीच्या वर्षी, डिसेंबर 2024 मध्ये, काँग्रेसचं सुवर्णपदक द्यायचा कायदा झाला. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी पाठपुरावा केल्याशिवाय झालेली नाही, आणि त्या पाठपुराव्याची सुरुवात बहुधा अशाच कुठल्यातरी अंगणात झाली असेल.

आणि चिझमबाईंची स्वतःची गोष्टसुद्धा पार्ट्यांतूनच सुरू होते, हे मला मान्य केलं पाहिजे. 1968 साली उभं राहायचं की नाही या विचारात त्या असताना सरकारी मदतीवर जगणारी एक बाई त्यांच्या दाराशी आली आणि मळकं पाकीट हातात ठेवून गेली. आत सुटी नाणी. काही बायकांनी घरगुती खेळ आणि जेवणावळी करून जमवलेली, दहा डॉलरही पूर्ण भरत नव्हते. प्रतिस्पर्धी जेम्स फार्मर, नागरी हक्कांच्या लढ्यातलं देशभर गाजलेलं नाव. प्रचाराचा सूर, वॉशिंग्टनला पुरुषाचा आवाज पाठवा. चिझमबाईंनी नोंदणीच्या याद्या बघितल्या. मतदारसंघात बायका कितीतरी जास्त. मधेच शस्त्रक्रिया झाली. बऱ्या होतात न होतात तोच ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढून गल्ल्यागल्ल्यांतून फिरल्या, पोर्तो रिकन वस्तीत स्पॅनिशमध्ये बोलल्या. ‘कोणी विकत न घेतलेली, कोणाच्या हुकमात नसलेली’ ही घोषणा. सुमारे अडीच पट मतांनी जिंकल्या. मग कचेरीत माणसं घेतली ती जवळपास सगळ्या बायका, त्यातल्या निम्म्या कृष्णवर्णीय.

तेव्हा पार्टीशी माझं भांडण नाही. त्या मळक्या पाकिटामागेही पार्टीच होती. फरक एवढाच की त्या जेवणावळीत जेवणारी, वाढणारी आणि पैसे गोळा करणारी बाई एकच होती. आमच्या शनिवारच्या अंगणात तिचे तीन भाग झाले होते आणि तिघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

माझ्या सहकारी मैत्रिणीला मी नंतर फोनवर हे सगळं सांगितलं, अर्थात जरा साखर लावून. पुढच्या वर्षी काय करू म्हणतेस, तिने विचारलं. तिला राग आला होता, तरी विचारलं, हे तिचं मोठेपण. मी म्हटलं, वाढायला माणसं घेशील त्यांना ताशी किती देणार ते आमंत्रणपत्रिकेवर देणगीच्या आकड्याशेजारी छाप. एक खोली पाळणाघराला दे, म्हणजे वाढणाऱ्या बायका मुलं घेऊन येतील. आणि पहिलं भाषण पाळणाघर चालवणारीला करू दे, निवडून आलेल्यांना शेवटी. ती म्हणाली, मग देणगी कोण देईल? मला उत्तर सुचलं नाही. कदाचित कमी लोक देतील. कदाचित दहा डॉलरही पूर्ण भरणार नाहीत.

आणि एवढं बोलून झाल्यावर हेही सांगायला हवं की आमच्याकडे दर गुरुवारी साफसफाईला येणाऱ्या बाईंना मी रोख देते. वरून देते, दिवाळीला जास्त देते. ती आजारी पडली की तेवढा गुरुवार कापते. पगारी रजा हा शब्द आमच्या दोघींत आजवर आलेला नाही. तिनेही काढला नाही, मीही नाही.

पार्टीतून निघताना रिकामा ग्लास ठेवायला मी आत स्वयंपाकघरात गेले होते. एसी चालू, अंगणाकडची खिडकी बंद. सिंकपाशी उभी असलेली बाई माझ्याच वयाची असेल. मी विचारलं, भाषणं ऐकू आली का इथे? ती म्हणाली, नाही, पाण्याचा आवाज. मग हात पुसत तिने विचारलं, “वाढदिवस कोणाचा आहे?” मी म्हटलं, वाढदिवस नाही, एक बाई होत्या, इथल्याच. “काय करायच्या?”

“अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या पहिल्या...” माझं वाक्य एवढ्यावर आलं होतं, तेवढ्यात केटरिंगच्या मुकादमाने बाहेरून हाक मारली आणि ती धुतलेल्या ग्लासांचा ट्रे उचलून गेली.